बापाचं स्वप्न, पोराचे गुण

काही वाद आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहेत. मर्चंट मोठे की हजारे? गावसकर मोठा की तेंडुलकर? आजोबा हेल्मेट नसलेल्या काळातल्या वेस्ट इंडीजच्या तोफखान्याचा दाखला देतात, नातू शतकांची संख्या पुढे करतो आणि रविवारच्या जेवणाची ताटं तशीच वाळून जातात. या वादाचा निकाल कधी लागत नाही, आणि खरं सांगायचं तर तो लागावा असं कुणाला वाटतही नाही.

अमेरिकेत असाच वाद २०२४ च्या मार्च महिन्यात रंगला, तो बास्केटबॉलवरून. ३ मार्चला आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क या बावीस वर्षांच्या मुलीने ओहायो स्टेटविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर मिळालेल्या फ्री थ्रोवर चेंडू जाळीत टाकला आणि चोपन्न वर्षांचा एक विक्रम मोडला. तिथल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत सर्वाधिक गुणांचा हा विक्रम होता. आकडा ३,६६७. तो ज्याच्या नावावर होता तो पीट मॅराविच हे पाहायला हयात नव्हता. क्लार्कचा जन्म होण्याच्या चौदा वर्षं आधीच तो गेला होता.

आपल्याकडे कॉलेजात खेळणं म्हणजे फार तर हजेरीत सवलत. अमेरिकेत कॉलेजच्या सामन्याला दहा-पंधरा हजार माणसं तिकीट काढून येतात आणि गावोगावची घरं आपापल्या विद्यापीठाचा झेंडा दारावर लावतात. त्यामुळे क्लार्क मोठी की मॅराविच, यावर तिकडे बरीच शाई आणि बराच घसा खर्च झाला. मी मात्र त्या निमित्ताने मॅराविचच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या, त्याचं आयुष्य वाचलं, आणि गुणांचा तक्ता माझ्यापुरता मागे पडला. पुढे उरली ती एका बापाची आणि मुलाची गोष्ट.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं ॲलिक्विपा हे पोलादाच्या कारखान्याचं गाव. सर्बियातून पोटासाठी आलेल्या कुटुंबात जन्मलेले प्रेस मॅराविच तिथे वाढले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाचे वैमानिक होते. युद्धानंतर ते थोडा काळ व्यावसायिक बास्केटबॉल खेळले, पण त्या काळी या खेळात ना पैसा होता ना नाव. खेळाडू म्हणून जे हाती लागलं नाही ते मुलाच्या हाती द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. २२ जून १९४७ रोजी पीट जन्मला, तेव्हा त्याच्या पाळण्यावर हे स्वप्न आधीच टांगलेलं होतं म्हणा ना!

प्रेस यांची युक्ती पाहा. त्यांनी मुलाला चेंडू दिला नाही. अंगणात ते एकटेच फेकी करत राहिले, पोराकडे ढुंकूनही न बघता. शेवटी न राहवून पोरानेच चेंडू मागितला. पीटने आपल्या आत्मचरित्रात ही गोष्ट सांगितली आहे. एकदा चेंडू हातात आला तो सुटला नाही. सायकल चालवताना एका हाताने टप्पे. सिनेमाला गेलं तर कडेची खुर्ची, म्हणजे मोकळ्या वाटेत टप्पे मारता येतात. रात्री अंथरुणात चेंडू बरोबर. वडील मोटार चालवत आणि मुलगा दारातून बाहेर वाकून रस्त्यावर चेंडू आपटत असे. वडील मोटारीचा वेग कमी-जास्त करत, म्हणजे हाताला वेगाची सवय व्हावी. डोळे बांधून, हातमोजे घालून, पावसाच्या चिखलात सराव चाले. अंगाने किरकोळ असल्यामुळे चेंडू डोक्यावरून फेकायची ताकद नव्हती, म्हणून तो कमरेपासून फेकायचा. पिस्तूल उपसल्यासारखा दिसायचा तो आविर्भाव, म्हणून नाव पडलं ‘पिस्टल पीट’.

प्रशिक्षक म्हणून प्रेस यांची कीर्ती वाढत गेली. १९६६ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने त्यांना बोलावलं. पीटच्या मनात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात जायचं होतं. वडिलांनी ऐकलं नाही. मुलगा बापाच्याच संघात आला.

त्या वेळच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. पीट पहिल्या वर्षाच्या मुलांच्या संघातून खेळला आणि त्याने सामन्यामागे ४३ वर गुण काढले. बॅटन रूज हे अमेरिकन फुटबॉलचं वेडं गाव. बास्केटबॉलचे सामने गुरांची प्रदर्शनं भरवण्यासाठी बांधलेल्या मंडपवजा इमारतीत होत. त्या हंगामात लोक नव्या पोरांचा सामना बघायला गर्दी करत आणि तो संपला की मुख्य संघाचा सामना सुरू व्हायच्या आत घरी जात. तेव्हा मुख्य संघाने २६ पैकी २३ सामने गमावले होते, हेही सांगायला हवं!

पुढची तीन वर्षं म्हणजे गुणांचा पाऊस. लोंबणारे राखाडी मोजे, कपाळावर येणारे केस, पाठीमागून, पायांखालून, मान भलतीकडे वळवून दिलेले पास. ३१ जानेवारी १९७० रोजी त्याने ऑस्कर रॉबर्टसनचा विक्रम मोडला. आठवडाभरातच अलाबामाविरुद्ध एका सामन्यात ६९ गुण केले. ८३ सामने, ३,६६७ गुण, सरासरी ४४.२. यांतल्या २८ सामन्यांत त्याने पन्नास किंवा त्याहून जास्त गुण काढले.

आता तुलनेकडे वळू या. मॅराविचच्या वेळी कॉलेजच्या खेळात तीन गुणांची रेषा नव्हती. ती १९८६-८७ मध्ये आली. लांबून टाकलेला चेंडूही दोनच गुणांचा. चार वर्षांऐवजी तीनच वर्षं खेळायला मिळाली. क्लार्कने चार वर्षांत १३९ सामन्यांत ३,९५१ गुण केले, सरासरी २८.४. म्हणजे मॅराविच मोठा? थांबा. मॅराविचने त्या ८३ सामन्यांत ३,१६६ वेळा जाळीकडे चेंडू फेकला, म्हणजे सामन्यामागे ३८ वेळा! त्यांतले १,३८७ आत गेले. वडीलच प्रशिक्षक असताना त्याला अडवणार कोण? शिवाय दक्षिणेतल्या त्या विद्यापीठांच्या गटात पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू, व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस, १९६७ मध्येच मैदानात उतरला. लुइझियाना स्टेटच्या संघात तर पीट शिकून गेल्यावर, १९७१ मध्ये, पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला. ज्यांच्याशी खेळायचं त्यांतल्या अनेकांना दारच बंद होतं. आणि क्लार्कच्या अगोदर कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडार्डने १९८१ पर्यंत ३,६४९ गुण केले होते. मुलींचा खेळ तेव्हा वेगळ्या संघटनेकडे होता, म्हणून ते अधिकृत पुस्तकात धरलेच गेले नव्हते. असे हे आकडे. जेवढे खेळाडूचे, तेवढेच त्या काळाचे आणि नियमांचे.

खरी विलक्षण तुलना मला सापडली ती क्लार्कच्या एक वर्ष आधीची. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँटवॉन डेव्हिस २०२३ मध्ये ३,६६४ वर थांबला. केवळ तीन गुण कमी! कोरोनामुळे मिळालेलं जादा वर्ष धरून तो पाच हंगाम, १४४ सामने खेळला. २ मार्चला यंग्सटाउन स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणांत त्याने लांबून चेंडू टाकला, तो आत गेला असता तर बरोबरी झाली असती. तो गेला नाही आणि संघाचा हंगाम तिथेच संपला. या मुलाचा प्रशिक्षक कोण? माइक डेव्हिस, त्याचे वडील. त्या पोराच्या मनात त्या रात्री काय चाललं असेल याचा विचार मी बराच वेळ करत होतो. वाटलं, त्याला विक्रम मिळाला नाही, पण ज्याला मिळाला होता त्याचं तरी पुढे काय झालं?

१९७० मध्ये अटलांटा हॉक्स या व्यावसायिक संघाने पीटला पाच वर्षांसाठी सुमारे एकोणीस लाख डॉलर देऊ केले. तेव्हा ही रक्कम ऐकून लोकांचे डोळे विस्फारले. संघातल्या जुन्या जाणत्या खेळाडूंना हे रुचणं शक्य नव्हतं. १९७४ मध्ये तो न्यू ऑर्लिन्स जॅझकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या आईने आत्महत्या केली. ज्या घरात दिवसरात्र एकाच चेंडूचा आवाज होता, तिथे आईचं दुःख कुणाला ऐकू आलं असेल? पीट स्वतः शाळेच्या वयापासून दारूला लागला होता. हेही त्याने पुढे लपवलं नाही.

खेळ मात्र बहरात होता. १९७६-७७ च्या हंगामात सामन्यामागे ३१.१ गुण काढून तो देशात पहिला आला. न्यूयॉर्कविरुद्ध एका रात्री ६८ गुण केले. पण १९७८ च्या जानेवारीत हवेत उडी घेऊन पायांखालून पास देताना गुडघा गेला. शेवटच्या हंगामाचा उत्तरार्ध तो बॉस्टन सेल्टिक्सकडून खेळला. त्याच हंगामात एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा पहिल्यांदा आखली गेली. पीटने तिथून पंधरा वेळा चेंडू टाकला, दहा वेळा तो आत गेला. १९८० मध्ये तो निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनने विजेतेपद मिळवलं. कॉलेजातही त्याचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या दारापर्यंत पोचला नव्हता. गुणांचा डोंगर, आणि माथ्यावर एकही मोठी ढाल नाही.

निवृत्तीनंतर त्याने दोन वर्षं जवळजवळ स्वतःला कोंडून घेतलं. शांती शोधत तो आपल्या योगाकडे आला, हिंदू साधनेकडे वळला, शाकाहार करून पाहिला, उडत्या तबकड्यांच्या नादीही लागला. अखेर १९८२ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेत त्याला विसावा मिळाला. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. तो पुन्हा चेंडूकडे आला, पण आता मुलांना शिकवायला. वडिलांनी अंगणात करून घेतलेले सगळे सराव त्याने चित्रफितींवर उतरवले. बोटांवर चेंडू फिरवणं, पायांभोवती आठाचा आकडा काढणं, सगळं. १९८७ मध्ये वडील कर्करोगाने आजारी होते, तेव्हा त्यांची सेवा करायला तो जवळ होता. एप्रिलमध्ये ते गेले. त्याच वर्षी पीटचं नाव बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात लागलं.

५ जानेवारी १९८८. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावी, एका चर्चच्या व्यायामशाळेत मित्रमंडळींबरोबर सहज म्हणून तो खेळत होता. गुण कुणी मोजत नव्हतं. मध्येच तो कोसळला आणि गेला. वय चाळीस. मागे पत्नी आणि दोन लहान मुलगे. शवविच्छेदनात दिसलं की हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी त्याला जन्मतःच नव्हती. उजवी धमनी मोठी होऊन दोघींचं काम करत होती. असा दोष असलेली माणसं बहुधा लहानपणीच दगावतात. हा माणूस दहा वर्षं जगातल्या सर्वांत दमवणाऱ्या स्पर्धेत धावला. १९७४ मध्ये एका मुलाखतीत तो बोलून गेला होता की, दहा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळून चाळिशीत हृदयविकाराने मरायचं नाही. शब्दन् शब्द उलटला.

वडिलांनी मुलाच्या हाताची, बोटांची, नजरेची सगळी पारख केली होती. हृदयात काय आहे ते मात्र कुणाला कळलं नाही. हे वाक्य मी केवळ धमनीबद्दल लिहीत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पहाटे मुलाला मैदानावर, संध्याकाळी शिकवणीला सोडणाऱ्या आपल्यासारख्या आईबापांना प्रेस मॅराविच हे खलनायक म्हणून दाखवणं सोपं आहे. पण ते तसे नव्हते. त्यांचं मुलावर जिवापाड प्रेम होतं आणि मुलाचंही त्यांच्यावर. चूक असेल तर एवढीच, की त्यांनी आकडा ठरवला आणि मग मुलगा घडवला.

क्लार्कने विक्रम मोडला याचं मला म्हणूनच दुःख झालं नाही. तो आकडा पीटने स्वतःच केव्हाच खाली ठेवला होता. लुइझियानात आज त्याच्या नावाचं मोठं क्रीडागृह आहे. त्याला बघायला लोटलेल्या गर्दीमुळेच ते बांधलं गेलं आणि १९७२ मध्ये, तो कॉलेजातून गेल्यावर, उघडलं. त्याला तिथे विद्यार्थी म्हणून एकही सामना खेळता आला नाही. २०२२ मध्ये बाहेर त्याचा पुतळाही बसला. पण त्याची खरी आठवण हवी असेल तर त्या सरावाच्या चित्रफिती पाहा. पडद्यावर तो चेंडू पायांभोवती फिरवतो आहे, समोरच्या मुलांना हळूहळू करून दाखवतो आहे. आणि तिथे, बहुधा पहिल्यांदाच, किती झाले हे त्याला कुणी विचारत नाही.