यंत्राचे वकीलपत्र घेतलेला माणूस

संगणकाविषयी आपल्या घरोघरी एक मत ठरून गेलेले असते. तो बिचारा सांगकाम्या. सांगाल तेवढे करील, न सांगितलेले सात जन्मांत करणार नाही. त्याच्याकडे गती आहे, मती नाही. बँकेतल्या काउंटरवर, दहावीच्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाशी, दुपारच्या चहाला हे मत आपण कितीदा तरी ऐकले आहे. अलीकडे मात्र ते थोडे डळमळू लागले आहे. हातातल्या मोबाईलला मराठीत प्रश्न विचारावा आणि त्याने मराठीतच, तेही अदबीने, उत्तर द्यावे, असे घडल्यावर घरातले आजोबा चष्मा पुसून नातीला विचारतात, की याला आपले बोलणे खरेच कळते का गं?

आजोबांचा हा प्रश्न जुना आहे. एका इंग्रज गणितज्ञाने तो १९५० साली जाहीरपणे मांडला. एवढेच नव्हे, तर सामान्य माणसाच्या मनात यंत्राविषयी जेवढ्या म्हणून शंका येतात त्या सगळ्या एकेक करून लिहून काढल्या आणि यंत्राच्या बाजूने त्यांना उत्तरे दिली. त्याचे नाव अ‍ॅलन ट्युरिंग. यंत्राचे वकीलपत्र घेणाऱ्या या माणसाची बाजू घ्यायला मात्र त्याच्या हयातीत फारसे कोणी पुढे आले नाही.

आईवडील हिंदुस्थानात, मुलगा विलायतेत

ट्युरिंगच्या घराण्याचा हिंदुस्थानशी जवळचा संबंध होता. वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. आई सारा हिचा जन्मच मद्रास इलाख्यातल्या पोदनूरचा. तिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. थोरला मुलगा जॉन निलगिरीतल्या कुन्नूरला जन्मला. ओरिसातल्या छत्रपूरला वडिलांची नेमणूक असताना आईला पुन्हा दिवस गेले, आणि रजेवर विलायतेला गेल्यावर २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये अ‍ॅलनचा जन्म झाला. या मुलाने मात्र हिंदुस्थान कधी पाहिला नाही. त्या काळच्या साहेबांच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही मुलांना इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवून आईवडील परतले. मुलांचे बालपण असे परक्या घरी, आईवडिलांच्या रजांची वाट पाहण्यात गेले.

मुलगा एकलकोंडा, अक्षर गिचमिड, शाईचे डाग कपड्यांवर. पण हट्टी विलक्षण. १९२६ साली शेरबोर्नच्या शाळेत पहिल्यांदा जायचे, तर नेमका देशभर संप. आगगाड्या बंद. तेरा वर्षांच्या या पोराने बंदरावर उतरून सायकल काढली आणि वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून सुमारे ९५ किलोमीटर अंतर तोडून शाळा गाठली.

शाळेत त्याला आयुष्यातला पहिला जिवलग मित्र भेटला, ख्रिस्तोफर मॉर्कम. दोघांना विज्ञानाचे वेड. फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने ख्रिस्तोफर गेला. अ‍ॅलन तेव्हा सतरा वर्षांचा होता. मित्राच्या आईला तो पुढे पत्रे लिहीत राहिला. शरीर गेल्यावर मन कुठे जाते, मनाचा आणि मेंदूचा संबंध काय, हे प्रश्न त्याला या दुःखातून पडले. पुढे आयुष्यभर तो मनाच्या प्रश्नाभोवती घोटाळत राहिला, त्याची सुरुवात इथे आहे.

कागद, पेन्सिल आणि खोडरबर

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ट्युरिंग गणित शिकला. त्याची एक सवय शेवटपर्यंत गेली नाही. आधी कोणी काय केले आहे हे न पाहता तो थेट पायापासून विचार सुरू करी. फेलोशिपसाठी त्याने संख्याशास्त्रातला एक मोठा सिद्धान्त सिद्ध करून दाखवला, तर तो १९२२ मध्येच एका फिनिश गणितज्ञाने सिद्ध केलेला निघाला. परीक्षकांनी तरीही १९३५ साली, वयाच्या २२ व्या वर्षी त्याला फेलो केले. पुस्तके चाळून संशोधन करणाऱ्यांना ही सवय वेडगळ वाटेल. तिने त्याचा वेळ फुकट घालवला, हे खरेच. पण कुणाच्या पाऊलवाटेवर नसलेले काही त्याला सापडले तेही याच सवयीमुळे.

त्या वर्षी मॅक्स न्यूमन या प्राध्यापकांच्या व्याख्यानांत त्याने एक प्रश्न ऐकला. गणितातले कोणतेही विधान समोर ठेवले तर ते सिद्ध होईल की नाही, हे ठरवणारी एखादी ठरीव रीत असू शकते का? ट्युरिंगने आधी रीत म्हणजे काय, हेच पाहायचे ठरवले. त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द यंत्राला नव्हे, आकडेमोड करणाऱ्या कारकुनाला लावत. असा कारकून काय करतो? चौकटींच्या कागदावर एक चिन्ह पाहतो, डोक्यात कोणत्या टप्प्यावर आहोत ते ध्यानात ठेवतो, चिन्ह खोडतो किंवा नवे लिहितो, शेजारच्या चौकटीकडे वळतो. एवढेच. एवढेच करणारे एक काल्पनिक यंत्र ट्युरिंगने कागदावर उभे केले, आणि अशी निरनिराळी सगळी यंत्रे ज्या एकाच यंत्रात सूचना भरून चालवता येतील असे एक यंत्रही दाखवले. मूळ प्रश्नाचे उत्तर निघाले, की अशी रीत नाही. हा निबंध १९३६ चा. अमेरिकेत अलोंझो चर्च यांनी तेच उत्तर वेगळ्या वाटेने थोडे आधी छापले होते. पण सूचना बदलल्या की काम बदलणाऱ्या यंत्राची कल्पना ट्युरिंगची. आज ज्या यंत्रावर आपण हिशेब, गाणी आणि रेल्वेची तिकिटे एकत्र सांभाळतो, त्याचे मूळ हिशेबनिसाच्या मनाच्या या निरीक्षणात आहे.

युद्धातले गुपित

४ सप्टेंबर १९३९ ला, इंग्लंडने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ट्युरिंग ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात हजर झाला. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा नावाच्या यंत्रातून सांकेतिक होऊन जात. यंत्र जुळवण्याच्या दीडशे अब्जांच्या अब्जपट तऱ्हा होत्या, आणि जुळवणी रोज बदले. पोलंडच्या गणितज्ञांनी युद्धापूर्वीच एनिग्माचे अंतरंग उलगडून ती माहिती इंग्रजांच्या हाती दिली होती. त्यावर ट्युरिंगने पुढचे पाऊल टाकले. संदेशात हवामानासारखा एखादा शब्द असणार, हे आधी ताडायचे. एनिग्मात कोणतेही अक्षर स्वतःच्याच जागी येत नाही, हा तिचा दोष. मग बॉम्ब नावाचे विजेचे यंत्र हजारो जुळवण्या फिरवून पाही आणि ज्यांत विसंगती निघे त्या बाद करी. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोलाची सुधारणा केली. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेवर यंत्रे चालत होती आणि ती बहुतांशी तरुण मुली चालवत. जर्मन पाणबुड्यांचा संकेत फोडण्याचे सर्वांत अवघड काम ट्युरिंगच्या तुकडीकडे होते. इंग्लंडला धान्य आणि इंधन घेऊन येणारी जहाजे त्यावर अवलंबून होती.

स्वारी तिथेही वेगळीच. परागकणांचा त्रास होतो म्हणून विषारी वायूचा मुखवटा घालून सायकलवर जाई. चहाचा मग कोणी नेऊ नये म्हणून साखळीने बांधून ठेवी. १९४१ मध्ये जोन क्लार्क या हुशार सहकारी मुलीशी त्याचा वाङ्‌निश्चय झाला. आपला ओढा पुरुषांकडे आहे, हे त्याने तिला प्रामाणिकपणे सांगितले आणि काही महिन्यांनी लग्न मोडले, मैत्री टिकली. या साऱ्या कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचे नव्हते. १९७० च्या दशकापर्यंत ते जगाला कळलेही नाही.

शंकांना उत्तरे

युद्धानंतर त्याने संगणकाचा सविस्तर आराखडा सरकारी प्रयोगशाळेला दिला, पण कामाच्या दिरंगाईला तो कंटाळला. मन रमवायला पळू लागला, तो इतका, की १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली. १९४८ मध्ये त्याने बुद्धिमान यंत्रांवर एक अहवाल लिहिला. वरिष्ठांना तो शाळकरी निबंध वाटला आणि त्याच्या हयातीत तो छापला गेला नाही. तो मग मँचेस्टर विद्यापीठात गेला आणि तिथून १९५० साली ‘माइंड’ या मानसशास्त्र व तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात त्याचा प्रसिद्ध लेख आला.

यंत्र विचार करते का, या प्रश्नावर लोकमत घेण्यात अर्थ नाही, असे त्याने आरंभीच म्हटले. त्याऐवजी एक खेळ सुचवला. पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र. टंकलिखित प्रश्नोत्तरांवरून माणूस कोणता, ते ओळखायचे. ओळखता आले नाही, तर यंत्राला बुद्धी नाही असे कशाच्या आधारे म्हणणार?

मग शंका. आत्मा फक्त माणसाला असतो, असे म्हणणाऱ्यांना त्याने विचारले, की मग देवाच्या सामर्थ्याला आपण मर्यादा का घालता? यंत्र विचार करू लागले तर अनर्थ होईल, या भीतीला युक्तिवाद न देता सांत्वनाची गरज आहे, आणि ते पुनर्जन्माच्या कल्पनेत शोधावे, अशी कोपरखळी त्याने मारली. यंत्र प्रेम करणार नाही, त्याला फळांची चव कळणार नाही, हे लोक का म्हणतात? कारण त्यांनी आजवर पाहिलेली यंत्रे ओबडधोबड आणि एककामी होती. त्यावरून त्यांनी सगळ्याच यंत्रांविषयी मत बनवले. मेंदूचे नामवंत शल्यविशारद जेफ्री जेफरसन यांचे म्हणणे होते, की भावना अनुभवून कविता लिहील तेव्हाच यंत्राला मेंदूची बरोबरी मान्य करू. ट्युरिंगचे उत्तर असे, की मग शेजारच्या माणसाला तरी मन आहे हे आपण कशावरून जाणतो? त्याच्या बोलण्या-वागण्यावरूनच ना? आणि सांगकाम्याची शंका? एडा लव्हलेस या बाईंनी ती शंभर वर्षे आधीच मांडली होती. यंत्रे आपल्याला वारंवार चकित करतात, असे ट्युरिंगने सांगितले, आणि मोठ्या माणसाचे डोके बनवण्यापेक्षा मुलाचे डोके बनवून त्याला शिकवावे, चुकले तर शिक्षा, बरोबर आले तर बक्षीस द्यावे, असे सुचवले. आजची बोलणारी यंत्रे ढोबळमानाने अशीच, उदाहरणांवरून शिकलेली आहेत.

त्याचे सारेच बरोबर होते असे नाही. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या प्रयोगांवर त्याने भाबडेपणाने विश्वास ठेवला. त्या काळच्या अशा एका गाजलेल्या प्रयोगातले आकडे फिरवलेले होते, हे १९७८ मध्ये उघड झाले. पन्नास वर्षांत, पाच मिनिटांच्या संभाषणात यंत्र बऱ्याच जणांना चकवील, हे भाकीत २००० साली खरे ठरले नाही. आज ते अवघड राहिलेले नाही. तरी चकवणे म्हणजे समजणे का, हा वाद मिटलेला नाही.

कायद्याचा बडगा

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. त्याने सरळ पोलिसांत वर्दी दिली. चौकशीत एका तरुणाशी त्याचे संबंध असल्याचे निघाले, आणि त्याने ते नाकारले नाही. दोन पुरुषांचे संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होते. फिर्यादीचा आरोपी झाला. तुरुंग किंवा वर्षभर संप्रेरकांचा उपचार, असा पर्याय पुढे आला. त्याने उपचार पत्करला. शरीराची रया गेली, छातीला सूज आली. गुप्त कामाची दारे बंद झाली.

इथे थांबून विचार करावासा वाटतो. समलिंगी ओढा हा औषधाने जाणारा रोग आहे, हे त्या काळी लोकांचे मत होते आणि डॉक्टरांचेही. पुरेशा तपासणीवाचून ते शास्त्र म्हणून वावरत होते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ते आपल्या रोगांच्या यादीतून काढले. इंग्रजांनी आपल्याकडे १८६० मध्ये आणलेल्या कलमाची या बाबतीतली धार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये काढली. यंत्राविरुद्धच्या प्रत्येक शंकेला ट्युरिंगने शांतपणे तपासून उत्तर दिले. त्याच्याविरुद्धच्या मताची तशी तपासणी न्यायालयात कोणी केली नाही.

तो खचून बसला नाही. फुलांच्या पाकळ्या, जनावरांच्या अंगावरचे ठिपके कसे उमटतात याचे गणित त्याने १९५२ मध्येच प्रसिद्ध केले. जीवशास्त्रज्ञ आजही त्याचा उपयोग करतात. फ्रान्झ ग्रीनबॉम या मनोविश्लेषकाकडे तो जाई, आपली स्वप्ने वहीत उतरवी, सुटीच्या दिवशी त्यांच्या मुलांशी खेळे. पण ८ जून १९५४ रोजी विल्म्सलोच्या घरी कामवाली बाई आली, तेव्हा तो अंथरुणात मृत होता. आदल्या दिवशीच गेला होता. शेजारी अर्धवट खाल्लेले सफरचंद. मृत्यू सायनाइडने झाला होता. न्यायालयाने आत्महत्या ठरवली, सफरचंद मात्र तपासले गेलेच नाही. घरात रसायनांचे प्रयोग चालत, त्यात हात नीट न धुतल्याने हे झाले, असे त्याची आई शेवटपर्यंत मानत राहिली. बेचाळिसाव्या वाढदिवसाला सोळा दिवस उरले होते.

२००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी माफी मागितली. २०१३ मध्ये राणीने शिक्षा माफ केली. २३ जून २०२१ पासून त्याचे चित्र पन्नास पौंडांच्या नोटेवर आले. संगणकक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार १९६६ पासून त्याच्या नावाने दिला जातो. १९९४ मध्ये तो आंध्रात जन्मलेल्या राज रेड्डी यांना विभागून मिळाला.

आजोबांच्या प्रश्नाला अजून पक्के उत्तर नाही. पण नातीला त्यांना एवढे सांगता येईल, की ठरलेले मत पुन्हा एकदा तपासून पाहायला हरकत नसते, मग ते यंत्राविषयी असो की शेजारच्या माणसाविषयी. ट्युरिंगने पहिल्यासाठी ते केले. दुसऱ्यासाठी ते वेळेवर झाले असते, तर तो आणखी काही वर्षे जगला असता, असे वाटत राहते.