गिचिन फुनाकोशी : पट्टा न मिळालेले गुरू

पांढरा पट्टा बांधणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला प्रश्न काळ्या पट्ट्याविषयी असतो. कराटेत हे पट्टे आणणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांना मात्र त्यांच्या गुरूंनी कधी पट्टा दिला नव्हता. त्या काळी ओकिनावात तशी प्रथाच नव्हती.

फुनाकोशींचा जन्म 1868 साली ओकिनावातील शुरी येथे, जुन्या सरदारवर्गाच्या खालच्या पायरीवरील कुटुंबात झाला. प्रकृती बालपणापासून नाजूक. वैद्यकीय शिक्षणाची संधी डोक्यावरच्या शेंडीमुळे हुकली. ती कापण्यास घरच्यांचा विरोध होता. पुढे 1888 मध्ये परीक्षा देऊन ते साहाय्यक शिक्षक झाले, तेव्हा शेंडी कापावीच लागली आणि घरात मोठा क्षोभ उसळला. जन्माने मिळालेल्या मानचिन्हापेक्षा परीक्षेने मिळालेली नोकरी त्यांनी निवडली, याचे आम्हां शिक्षकांना विशेष वाटते.

दिवसा शाळा आणि रात्री आन्को आझातो यांचे अंगण, असा त्यांचा क्रम होता. कराटे तेव्हा गुप्तपणे शिकले जाई. एकच काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, महिनोन्‌महिने गिरवावा लागे. तेक्कीच्या तीन कातांना त्यांची दहा वर्षे गेली. दुसरे गुरू आन्को इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या शाळांत नेली आणि विद्यार्थ्यांसाठी पाच सुलभ काता रचले. तेच आजचे हेइआन.

1922 मध्ये प्रात्यक्षिकासाठी फुनाकोशी टोकियोला गेले आणि तेथेच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी आश्रय घेतला. पन्नाशी उलटलेले हे गुरुजी तेथे अंगण झाडीत, पहारा करीत आणि रिकाम्या वेळी तेथेच कराटे शिकवीत. ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी त्यांना मोलाचे साहाय्य केले. कानोंचीच श्रेणीपद्धती स्वीकारून फुनाकोशींनी एप्रिल 1924 मध्ये आपल्या शिष्यांना प्रथमच दान श्रेणी दिली.

या पद्धतीत आधी क्यू श्रेणी असतात. त्यांचा आकडा उतरत एकवर येतो. मग दान श्रेणी चढत जातात. परीक्षेत मूलतंत्र, काता आणि जोडीदाराशी सामना पाहतात. साधारणतः हेइआनचे पाच काता पार झाल्यावर तेक्कीचा पहिला काता येतो आणि तिसऱ्या क्यूला पट्टा तपकिरी होतो. त्याखालचे रंग संघटनेगणिक बदलतात. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला शोदान म्हणतात. त्याचा अर्थच आरंभीची पायरी. पालकांना हे सांगितले की त्यांचा विरस होतो, हा आमचा अनुभव! पुढची पायरी दिसली की विद्यार्थी टिकतो, हे खरे. परंतु दहा वर्षांचा अभ्यास काही महिन्यांच्या परीक्षेत मावत नाही, हेही तितकेच खरे.

1930 च्या दशकात त्यांनी नावातील चीनदर्शक अक्षर बदलून ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर रूढ केले. या रिक्ततेला त्यांनी बौद्ध शून्यतेचाही अर्थ दिला.

त्यांचे शोतोकान हे प्रशिक्षणगृह 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाले. त्याच वर्षी पुत्र गिगो गेले आणि 1947 मध्ये पत्नी. तरीही वृद्ध गुरू टोकियोला परतून शिकवीत राहिले. 26 एप्रिल 1957 रोजी त्यांचे निधन झाले. कामाकुरा येथील एन्गाकुजी या झेन विहाराच्या आवारात त्यांचे स्मारक आहे.