जनरल थोरातांची दुसरी नोकरी

लष्करातून परतलेल्या माणसाचे नागरी जीवनात मोल किती, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरील घरांना नवा नाही. पलटणीत आणि नौदलात पिढ्यान्‌पिढ्या मुलगे धाडणाऱ्या या घरांत निवृत्तिवेतनाचा हिशेब पुष्कळ होतो. परंतु सरकारची गुपिते ज्याच्या स्वाधीन होती, त्याच्या विश्वासूपणाचे पुढे काय होते, याचा विचार क्वचितच होतो. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

१९०६ साली जन्मलेले हे कोल्हापूरकडचे गृहस्थ सँडहर्स्टला शिकून १९२६ साली अधिकारी झाले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत त्यांनी आपली पंजाब पलटण शत्रूच्या मोर्चावर नेली व ‘डी. एस. ओ.’ हा सन्मान मिळविला. १९५३-५४ मध्ये कोरियात मायदेशी परतण्यास नाखूष असलेले बावीस हजारांवर युद्धकैदी भारतीय फौजेच्या ताब्यात होते, त्या फौजेचे सेनापती थोरात होते.

तथापि त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी रणांगणावरची नव्हती. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे प्रमुख होते. १९५९ च्या ऑक्टोबरात त्यांनी ईशान्य सीमेवरील चिनी धोक्याचा अंदाज व संरक्षणाची योजना कागदावर मांडून वर पाठविली, आणि १९६० च्या मार्चमध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात ती तपासून दाखविली. सरसेनापती थिमय्यांना ती पटली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटली नाही. थिमय्यांच्या मनात थोरातांनीच आपल्यामागून यावे असे होते. पण १९६१ च्या मे महिन्यात ते पद थापर यांच्याकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चिनी फौजा जवळजवळ त्यांच्या अंदाजाबरहुकूम उतरल्या. पराभवानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले, तेव्हा तो कागद आपल्यापर्यंत पोहोचलाच नव्हता असे नेहरूंना आढळले. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा गणवेश उतरला तरी सुटत नाही. आपले म्हणणे खरे ठरले हे माहीत असून ते चव्हाट्यावर सिद्ध करता न येणे म्हणजे काय, ते अशा जागी बसलेल्यालाच कळावे. सविस्तर हकीकत लोकांपुढे आली ती १९८६ च्या त्यांच्या आत्मचरित्रातून.

पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नेमणूक करणाऱ्यांच्या मनात काय होते, ते सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण प्रश्नपत्रिका, मुलाखतींचे गुण आणि शिफारशींचे दडपण यांच्या मधोमध असलेल्या त्या खुर्चीला तोंड बंद ठेवणारा व मान न लववणारा माणूस हवा असतो, एवढे निश्चित. थोरातांची शिदोरी नेमकी तीच होती.

जनरलचे नाव त्याच्या आधी दारात पोहोचते. सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या हवालदाराचे किंवा दारूगोळ्याच्या कोठाराची नोंद ठेवणाऱ्या नाईकाचे तसे नसते. त्याच्या सेवापुस्तकात चारित्र्याचा उत्तम शेरा असतो, पण त्याने कोणती जबाबदारी पेलली ते उघड सांगण्याची त्याला मुभा नसते. मग तो बहुधा एखाद्या बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. आणि तेथेही पोलीस-चौकशीचा अर्ज त्याला नव्याने भरावा लागतो. २०२२ पासून चार वर्षांच्या करारावर भरती झालेल्या अग्निवीरांपैकी चारांतले तीन जण आता तिशीच्या आतच याच दारांपुढे येणार आहेत.