वाद्यांच्या दुकानावरील बिऱ्हाडकरू : ऑलिव्हर हेविसाइड

एका स्नेहसंमेलनांत पाहिलेली गोष्ट आहे. पडदा वर गेला, एक विद्यार्थी विजेवरची गिटार घेऊन पुढें आला, आणि त्यानें तारेला बोट लावण्यापूर्वींच ॲम्प्लिफायरमधून भुंग्यासारखा घुमणारा आवाज येऊं लागला. दोष वाद्यांत नव्हता, ॲम्प्लिफायरांतहि नव्हता. वाद्याची केबल आयत्या वेळीं सांपडली नाहीं म्हणून कोणीतरी दिव्याची साधी दुपदरी वायर जोडून वेळ मारून नेली होती. योग्य केबल आणून लावतांच घुमणें थांबलें. केबल म्हणजे विजेची नुसती वाट, तिच्यांत समजून घेण्यासारखें तें काय असणार, असें प्रस्तुत लेखकासहि त्या दिवसापर्यंत वाटत असे. हा समज ज्या पुरुषानें खोटा ठरविला, आणि त्यापायीं ज्याला अर्धें आयुष्य उपेक्षेंत काढावें लागलें, त्याचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऑलिव्हर हेविसाइड याचा जन्म लंडन शहराच्या कॅम्डन टाऊन या भागांत १८ मे १८५० रोजीं झाला. बाप लांकडावर चित्रें कोरून पोट भरी. घरची गरिबी होती. लहानपणीं ऑलिव्हरला स्कार्लेट ज्वर झाला, त्यांतून तो वांचला, पण कानांनीं अधू झाला. बरोबरीच्या मुलांचें बोलणें ऐकूं येईना, म्हणून त्यांच्यांत मिसळणेंहि कमी झालें. एकलकोंडेपणाची जी संवय तेव्हां जडली ती जन्मभर सुटली नाहीं.

मात्र आईच्या बाजूनें एक मोठें नातें त्याला लाभलें होतें. तारायंत्राच्या जनकांपैकीं एक, सर चार्ल्स व्हीटस्टन, हे त्याचे मावसे. व्हीटस्टन हे मूळचे वाद्यें बनविणाऱ्या घराण्यांतले. कॉन्सर्टिना हें हातांत धरून वाजविण्याचें भात्याचें वाद्य त्यांनींच शोधून काढलें. सन १८२१ मध्यें त्यांनीं लंडनच्या लोकांना एक नवल दाखविलें होतें. छताला टांगलेलें एक तंतुवाद्य कोणाचाहि हात न लागतां वाजूं लागे. खरें वाद्य वरच्या खोलींत वाजत असे, आणि त्याचा नाद टांगलेल्या तारेच्या वाटेनें खालीं उतरे. एका ठिकाणचें संगीत तारेनें दुसऱ्या ठिकाणीं नेण्याचा हा खेळ विजेच्या मदतीवांचून झाला होता. पुढें भाच्यानें या विषयाचें शास्त्र बनविलें.

सोळाव्या वर्षीं ऑलिव्हरची शाळा सुटली. पुढचें सर्व शिक्षण त्यानें स्वतःच केलें. थोरला भाऊ आर्थर न्यूकॅसल येथें तारखात्याच्या कामावर होता. त्याच्याकडे राहून हाहि तें काम शिकला, आणि १८६८ मध्यें डेन्मार्कला जाऊन समुद्रांतील केबलवर तारवाला झाला. तेथें त्याच्या एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत आली. केबल एकच, पण एका दिशेनें संदेश जलद जात आणि उलट दिशेनें मंद! दुसऱ्या एखाद्यानें नशीब म्हणून सोडून दिलें असतें. यानें कारण शोधण्याचा ध्यास घेतला, आणि दोन्ही टोकांच्या जमिनीवरील तारांचा रोध सारखा नसल्यानें असें होतें हें पुढें गणितानें दाखविलें.

समुद्रांतील केबलमध्यें संदेश मंद कां होतो, हें शेतकऱ्याच्या मुलाला लवकर कळेल. मोटेचें पाणी पाटांत सोडलें तर तें एकदम शेवटच्या वाफ्याला पोंचत नाहीं. आधीं पाट भरावा लागतो. केबलच्या अंगींहि वीज सांठवून ठेवण्याची शक्ति असते. पाठविलेला ठोका आधीं ती केबल भरण्यांत खर्ची पडतो, मग पलीकडे पसरट होऊन उमटतो. ठोके घाईनें पाठविले तर ते एकमेकांत मिसळून जातात.

१८७४ मध्यें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, हेविसाइडनें चांगली नोकरी सोडली आणि आईबापांच्या घरीं परत येऊन खोलीचें दार लावून घेतलें. पुन्हां त्यानें कोणाची चाकरी केली नाहीं. मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाचा १८७३ सालचा ग्रंथ त्याच्या हातीं आला होता. प्रथम त्यांतलें फारच थोडें कळलें. अनेक वर्षें खपून त्यानें तो पचविला, आणि १८८५ च्या सुमारास मॅक्सवेलच्या वीस समीकरणांचा पसारा आंवळून तीं चार समीकरणांच्या सुटसुटीत रूपांत आणलीं. आज महाविद्यालयांत मॅक्सवेलचीं म्हणून शिकवितात तीं समीकरणें या रूपांतलीं आहेत. आईबाप घरीं पोसतात, मुलगा कांहीं मिळवीत नाहीं, हें पाहून शेजारपाजारचे लोक काय म्हणत असतील तें पालकांनींच ओळखावें.

१८८० मध्यें त्यानें एका नव्या धर्तीच्या केबलचें पेटंट घेतलें. मधोमध एक तार, तिच्याभोंवतीं विजेला अडविणारा थर, आणि त्यावर नळीसारखी दुसरी धातूची तार. जवळून जाणाऱ्या तारांचे संदेश एकमेकांत घुसूं नयेत हा त्यामागील हेतु. संमेलनांत जी केबल सांपडली नव्हती, ती याच बांधणीची असते. ती कापून पाहिली तर आंत एक तार, भोंवतीं वेष्टन, मग तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि वर रबराचें कवच दिसेल. गिटारच्या तारा कंप पावल्यानें निर्माण होणारी वीज फार अशक्त असते. सभागृहांतील दिव्यापंख्यांच्या वायरींचा उपद्रव तिच्यांत शिरला, तर ॲम्प्लिफायर भोळेपणानें सुरांबरोबर त्यालाहि मोठा करतो. जाळी हा उपद्रव बाहेरच्या बाहेर झेलते. म्हणून केबल कोपरावर करकचून गुंडाळूं नये, सैल वेटोळें करावें, आणि काढतांना वायर न ओढतां प्लग धरावा. जाळी तुटली कीं भुंगा परत आलाच.

ही जाळीची केबलहि पाटासारखी वीज सांठविते. दर मीटरला सुमारें १०० पिकोफॅरड. वाद्यापासून फार लांब केबल नेली तर तार सप्तकाची चमक कमी होऊन सूर मऊ लागतो, त्याचें कारण हेंच.

१८८६ मध्यें हेविसाइडनें इंपीडन्स हा शब्द चालू केला. बदलत्या प्रवाहाला एखाद्या यंत्राकडून वा तारेकडून होणारा एकंदर अडथळा, असा त्याचा अर्थ. गिटारला जोडावयाच्या ॲम्प्लिफायरच्या मुखाशीं हा अडथळा दहा लक्ष ओहम इतका मोठा ठेवतात, म्हणजे अशक्त वाद्यावर भार पडत नाहीं. दुसऱ्या टोकाला लाऊडस्पीकर मात्र चार, आठ किंवा सोळा ओहमचा. त्याला भरपूर प्रवाह लागतो. तेथें जाड दुपदरी वायरच हवी, वाद्याची बारीक केबल लावल्यास ती तापते. ॲम्प्लिफायरवर लिहिलेला आंकडा व लाऊडस्पीकरचा आंकडा ताडून पाहावा. जुन्या धर्तीचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर तर लाऊडस्पीकर जोडल्यावांचून कधींच चालूं करूं नये, आंतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचें भय असतें. आवाज घुमतो म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभागहि आढळतात. तो जिवाशीं खेळ आहे.

आतां त्या चरित्रांतील कडू भाग. टेलिफोनचें बोलणें दूर अंतरावर अस्पष्ट होई. पोस्ट खात्याचा विद्युत्तज्ज्ञ विल्यम प्रीस याचें मत असें कीं तारेच्या अंगचा इंडक्टन्स, म्हणजे विजेचें जडत्व, हा शत्रु आहे. तो जितका कमी तितकें चांगलें. हेविसाइडनें १८८७ मध्यें याच्या अगदीं उलट सिद्ध केलें. जड जातें फिरूं लागण्यास वेळ लावतें, पण एकदां फिरूं लागलें कीं एकसारखें फिरतें. त्याप्रमाणें तारेंत इंडक्टन्स योग्य प्रमाणांत वाढविला, तर उंच व खालचे सर्व स्वर सारख्या वेगानें जातात आणि सारखेच क्षीण होतात. बोलणें लहान होईल, पण विद्रूप होणार नाहीं. आर्थर पोस्ट खात्यांत नोकर होता. दोघां भावांनीं मिळून लिहिलेला निबंध प्रीसच्या विरोधामुळें छापला गेला नाहीं. हेविसाइडचे लेख छापणारा संपादकहि त्याच वर्षीं जागेवरून गेला, व ती लेखमाला बंद पडली. अधिकार एकाकडे आणि सत्य दुसऱ्याकडे असा तो सामना होता.

१८८९ मध्यें लॉर्ड केल्व्हिन यांनीं भर सभेंत त्याची वाखाणणी केली, तेव्हां कोठें विद्वानांचे डोळे उघडले. १८९१ मध्यें रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें. पण त्याची कल्पना व्यवहारांत आली ती अमेरिकेंत, पुपिन नांवाच्या प्राध्यापकाच्या १९०० सालच्या पेटंटानें. लाखों डॉलर त्याला मिळाले. हेविसाइडला कांहीं रक्कम देऊं करण्यांत आली, परंतु शोधाचें संपूर्ण श्रेय आपलें असें मान्य झाल्यावांचून त्यानें एक पैहि घेतली नाहीं. हा मानीपणा म्हणावा कीं हट्ट, याविषयीं मतभेद होईल. आम्हांस तो मानीपणा वाटतो. पण त्याची झळ घरच्या माणसांनाहि लागली असेल हें विसरतां येत नाहीं.

याच काळांत त्याचें बिऱ्हाड कोठें होतें? चार्ल्स या दुसऱ्या भावाचें पेंटन या समुद्रकांठच्या गांवीं वाद्यांचें दुकान होतें. १८८९ मध्यें म्हाताऱ्या आईबापांसह ऑलिव्हर त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहावयास गेला. खालीं गिऱ्हाइकें वाद्यें वाजवून पाहात असतील. वर अधू कानांचा हा मनुष्य तारेंतून जाणाऱ्या लहरींचीं गणितें मांडीत बसे.

आईबाप गेल्यावर तो अधिकच एकटा झाला. १८९६ मध्यें मित्रांच्या खटपटीनें सरकारकडून सालिना १२० पौंडांचें निवृत्तिवेतन मिळालें. १९०२ मध्यें त्यानें असें भाकित केलें कीं बिनतारी लहरी पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून जातात, त्याअर्थीं वातावरणांत उंचावर वीजवाहक थर असला पाहिजे. उतारवयांत टॉर्की येथील घरीं त्याचें वागणें विक्षिप्त झालें. १९२२ मध्यें विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें आपलें पहिलें फॅरडे पदक त्याला दिलें.

डिसेंबर १९२४ मध्यें ॲपलटन यानें प्रयोग करून तो वरचा थर खरोखरच आहे असें दाखविलें. नंतर थोड्याच दिवसांत हेविसाइड शिडीवरून पडला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं टॉर्की येथें वारला. पेंटनच्या दफनभूमींत आईबापांच्याच थडग्यांत त्याला पुरण्यांत आलें.