अंगणात आलेली शाळा

धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत लहान मुले सकाळी अंगणवाडीत जमतात. हा शब्द आता महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. परंतु अंगणवाडीची कल्पना रुजली ती तेथून फार दूर, अरबी समुद्राच्या काठी असलेल्या बोर्डी या गावी. आणि ती रुजविली ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींचे शिक्षण दुर्मिळ असलेल्या त्या काळात ताराबाईंनी १९१४ साली बी. ए.ची पदवी मिळविली. पुढे राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. हे पद मानाचे होते. तरीही १९२३ साली ते सोडून त्या भावनगरला गेल्या. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले होते.

त्या काळी शाळा म्हणजे छडी आणि घोकंपट्टी. मूल म्हणजे रिकामे मडके, त्यात शिक्षकाने ज्ञान ओतावे, अशी समजूत होती. उत्तर आले नाही, तर मूल मंदबुद्धीचे ठरे. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र मुलांना मारणे तर नव्हतेच, उलट शिक्षकच मुलांचे निरीक्षण करीत. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत जी शाळा काढली होती, तिच्यातील विचार येथे आचरणात येत होता.

माँटेसरींच्या मते मुलाचे मन पायरीपायरीने वाढते. पहिल्या सहा वर्षांत मूल हात, डोळे, कान यांच्या साहाय्याने जग ओळखते. तान्हे बाळ हाती येईल ती वस्तू तोंडात घालते, तोही त्याचा अभ्यासच असतो. तीन वर्षांच्या मुलाला ‘पाच’ हा नुसता शब्द कळत नाही. पाच चिंचोके हाती घेऊन मोजले म्हणजे ती संख्या त्याच्या मनात उतरते. सहा ते बारा या वयात कल्पनाशक्ती फुलते आणि प्रत्येक गोष्टीचे कारण मूल विचारू लागते. बारा वर्षांनंतर मन न दिसणाऱ्या गोष्टींचाही विचार करू लागते. न्याय कोणता, अन्याय कोणता, समाजात आपले स्थान काय, असे प्रश्न तेव्हा पडतात. खालची पायरी भक्कम नसेल, तर वरची डळमळते.

हा विचार सर्वत्र पोहोचावा म्हणून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई त्याच्या आधारस्तंभ होत्या. १९३६ साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. तो नावारूपास आला. पण ताराबाईंचे समाधान झाले नाही. शहरातील सुखवस्तू घरच्या मुलांना ही संधी मिळत होती. गरिबाच्या मुलाचे मनही त्याच पायऱ्यांनी वाढते, मग त्याची पहिली पायरी कोणी बांधावी? या प्रश्नाने त्यांना बोर्डीला नेले. १९४५ साली अनुताई वाघ यांना सोबत घेऊन त्यांनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले.

केंद्र उघडले, पण गरीब वस्त्यांतील मुले येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरविले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या वस्तीत, घरापुढच्या अंगणातच त्यांनी वर्ग भरविला. हीच अंगणवाडी! माँटेसरींची साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया आणि पाने आली.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत, तर मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. कारण आईबाप मोलमजुरीला जात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. गुराख्यांसाठी माळावरच कुरणशाळा भरू लागली. मुलींची अडचण दूर करण्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. तिला विकासवाडी असे नाव मिळाले. आता धाकटे भावंड पाळण्यात निजे आणि त्याची ताई शेजारच्या वर्गात अक्षरे गिरवी. पाळण्यातील बाळापासून शाळकरी मुलापर्यंत प्रत्येकाला आपल्या वयाची पायरी तेथे सापडू लागली.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि देशात ठिकठिकाणी अंगणवाड्या उघडल्या. त्यांत शिक्षणाला पोषण व आरोग्याची जोड मिळाली.

मुलाला काय येत नाही, हे पाहण्याआधी ते कोणत्या पायरीवर उभे आहे हे पाहावे, आणि मग त्याचा हात धरावा, हे ताराबाईंनी आयुष्यभर केले. ज्यांच्यापर्यंत शाळा कधी पोहोचली नव्हती, अशा मुलांच्या अंगणात त्यामुळे ती पोहोचली.