डॉ. द्वारकानाथ कोटणीस : जखमींच्या दिशेने चालत गेलेला डॉक्टर

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवडजवळचा राहुड घाट आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. तेथे अपघात घडला की जखमी माणूस वाचेल की नाही, हे पुष्कळदा जखमेपेक्षा तो किती वेळात शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतो यावर ठरते. रणभूमीवर हाच हिशेब अधिक निष्ठुर होतो. तेथे ना रस्ता असतो ना वाहन. आपल्या सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरांनी चीनच्या डोंगरांत चार वर्षे याच अंतराशी झुंज दिली. त्यांचे जीवन आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणाची तयारी करू लागले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी वैद्यकीय मदतीची विनंती पंडित नेहरूंना केली. त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या आवाहनातून पाच डॉक्टरांचे पथक उभे राहिले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले डॉ. अटल हे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले कोटणीस हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

येनानला पोहोचण्यापूर्वीच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्याची मुभा होती आणि त्यांना कोणीही दोष दिला नसता. ते परतले नाहीत. हा निर्णय कुटुंबाला किती जड गेला असेल याची कल्पना आपण करावी. आम्हांला तरी तो सहजासहजी योग्य वा अयोग्य म्हणवत नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथील काम इस्पितळातले होते. खरी लढाई मात्र दूर, उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, जपानी फौजेच्या पिछाडीला चालली होती. तेथे नॉर्मन बेथून नावाच्या कॅनेडियन शल्यचिकित्सकांनी एक नवी रीत घालून दिली होती. जखमी येण्याची वाट पाहत डॉक्टरने बसावयाचे नाही. शस्त्रक्रियेचे सर्व साहित्य खेचरांच्या पाठीवर लादून लढाईच्या जवळ जावयाचे. त्यामागे साधे वैद्यकीय कारण होते. पेनिसिलिन त्या डोंगरांत नव्हते. गोळीने मांडीचे हाड मोडलेला सैनिक स्ट्रेचरवरून डोंगर उतरविण्यात एक दिवस गेला, तर रक्तस्राव थांबला तरी जखम सडू लागे. तीच जखम काही तासांत धुऊन, मृत मांस कापून काढले, हाडाला फळी बांधली, तर पाय वाचे आणि जीवही. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विषबाधा होऊन बेथून मरण पावले. त्यांचे काम पुढे कोटणीसांच्या हाती आले.

१९४० च्या मोठ्या मोहिमेत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. तीन दिवस व तीन रात्री न झोपता ते शस्त्रक्रिया करीत राहिल्याची नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तेथील परिचारिका-शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला.

त्याच युद्धात आपल्या ख्रिस्तसभेचा एक पुत्रही जखमींच्या वाटेवर होता, हे येथे सांगितले पाहिजे. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि चीनचे नागरिकत्व स्वीकारलेले फादर व्हिन्सेंट लेब यांनी आपल्या धर्मबंधूंना घेऊन स्ट्रेचर वाहणारी पथके उभारली. जखमींना रणांगणातून उचलून आणणे हेच त्यांचे काम. १९४० साली कम्युनिस्टांनी त्यांना काही आठवडे कैदेत ठेवले. सुटकेनंतर, २४ जून १९४० रोजी, ते चुंगकिंग येथे निवर्तले. कोटणीस १९४२ मध्ये त्याच कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. १९४९ नंतर त्या पक्षाच्या राजवटीत ख्रिस्तसभेला जे सोसावे लागले, ते आम्ही विसरलेलो नाही व वाचकांनीही विसरू नये. तरीही ज्याच्या मांडीतून रक्त वाहत होते त्या शेतकऱ्याच्या पोराला फादर लेब यांचे स्ट्रेचर आणि कोटणीसांची सुरी या दोन्हींची सारखीच गरज होती, असे आम्हांस वाटते.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी कोटणीसांना पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. त्यातील यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. कोटणीसांना आता अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीचा सल्ला बाजूस ठेवून ते रुग्ण तपासीत आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत. ते पुस्तक अपुरेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीस घरोघरी पोहोचले. पण चित्रपटातील नायक पुष्कळांच्या लक्षात राहिला व शल्यचिकित्सक मागे पडला, अशी आमची तक्रार आहे. १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आले. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. यिनहुआनेही वैद्यकीय शिक्षण घेतले, परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच १९६७ साली तो वारला. क्वो चिंगलान सासरच्या माणसांना भेटण्यासाठी अनेकदा भारतात आल्या. त्यांचे निधन २०१२ मध्ये झाले.