लॉर्ड केल्व्हिन

विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांचा जन्म सन १८२४ मध्ये बेलफास्ट येथे झाला. बालपणीच ते मातेस अंतरले. गणिताध्यापक पित्याने त्यांस शिकविले. बाविसाव्या वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. वर्गाचा आरंभ ते प्रार्थनेने करीत.

थंड हवेतही उष्णता असते. यंत्राने ती ओढून घरात आणिल्यास शेगडीपेक्षा पुष्कळ कमी कोळसा लागेल, असे त्यांनी १८५२ मध्ये गणिताने दाखविले. परंतु घरोघर असे यंत्र पाहण्यापूर्वीच, १९०७ मध्ये, ते निवर्तले. आज शीत देशांत कित्येक घरी एक उष्णता-पंप खोल्या उबवितो, तर दुसरा स्नानाचे पाणी तापवितो.

विद्यार्थ्यांनो, कापणी आपल्या हातून होवो वा न होवो, पेरणी मात्र निष्ठेने करावी, हाच या चरित्राचा बोध होय.